अजानला थांबणारा सिनेमा

केडगावच्या बद्रुन्निसाच्या टीव्हीला पुतण्या रमीजनं काडेपेटीएवढा स्वस्तातला कॉम्प्युटर जोडला, त्यात तिच्या आवडीचे सिनेमे भरून दिले. अजान सुरू झाली की सिनेमा आपोआप थांबे. नवरा महमूद हयात असताना हे काम त्याचं असे. रिमोट त्याच्याच हातात असायचा; नमाजनंतर सिनेमा पुन्हा लावायचाही तोच.

“लई उपकार केलेस, रमीज,” ती फोनवर म्हणाली. “अजानला बरोबर थांबतंय बघ.”

“चाची, असलं काय मी टाकलंच न्हाई त्यात.”

संध्याकाळी अजान झाली, सिनेमा थांबला. तिनं नमाज पढली, अल्लाचा शुक्र मानला, अंथरलेल्या जानमाजची घडी केली. सिनेमा थांबलेलाच.

गुडघे गेल्यापासून महमूद तिच्यामागं खुर्चीत बसून पढायचा. त्याची नमाज कायम तिच्यानंतर संपायची.

बद्रुन्निसा वळली नाही.

“सावकाश होऊ द्या,” ती म्हणाली.