न उघडलेला डबा

मॅडम, झाकणावर कोरलेलं आमचं आडनाव वाचलंत आणि माझ्या लेकीचा वाढदिवसाचा डबा न उघडताच परत पाठवलात. वर “घरचं काही वर्गात वाटायचं नाही, नियम आहे,” असं तिला सांगितलंत. नियम सगळ्यांना सारखाच असणार, असं समजून मी तो मानला.

आमच्याकडे ओव्हन नाही. केकचं तयार पीठ पाकिटातलं आणलं. कुकरची शिट्टी न् रबर काढून, तळाला मीठ पसरून त्यात केक भाजला. त्यावर साखर जाळून लोण्यात घोटलेलं कॅरमेल ओतलं आणि सगळ्यात वर चॉकलेट. वड्या पाडताना आम्रपाली म्हणाली, “आई, कोपऱ्यातली इराला हं. तिला चॉकलेट फार आवडतं.”

गुरुवारी त्याच इराचा वाढदिवस झाला. आम्रपालीनं रुमालातून जपून आणलेली अर्धी नारळाची वडी माझ्या तोंडात घातली.

“मस्तय ना गं? इराच्या आजीनं घरीच केली. मॅडमनी स्वतः वाटली.”

मी तिच्या हातातला रुमाल घेऊन झटकला.

“आई, पुढच्या वर्षी आपण पण नारळाचीच करू या. मॅडमना ती चालते.”

पोरीला वाटतंय, चूक चॉकलेटची आहे. मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं. तिच्यासमोर उभं राहून सांगा, मॅडम, विटाळ नेमका कुठल्या थरात होता? खालच्या केकात, मधल्या कॅरमेलात, की वरच्या चॉकलेटात?