बिनवासाची यॉट

आमच्या जुन्या शिडाच्या यॉटच्या पोटात बाबा उलटे शिरले होते. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते.

"डिझेल इंजिन फक्त लांब जायला. बंदरात बॅटरीवरची मोटर!" पाय म्हणाले. "धूर नाही, वास नाही. उद्या येशील ना बरोबर?"

लहानपणापासून यॉटवर पाऊल ठेवलं की माझा चेहरा पांढरा पडायचा. डिझेलच्या वासाने पडतो, हे निदान बाबांचंच. मी ते कधी खोडलं नाही.

"येईन," मी म्हणाले.

"लेकीसाठी अख्खी यॉट उसवली, आणि माझा मिक्सर तसाच बंद," आई म्हणाली.

त्याच रात्री बाबा झोपेतच गेले.

अस्थी सोडायला निघालो तेव्हा यॉट आईने चालवली, पदर खोचून. मोटरला खरोखरच ना आवाज होता, ना वास. खाडीच्या तोंडाशी पहिली मोठी लाट आली.

"अगं, कलश धर! डोलकाठीला काय मिठी मारतेस?" आई ओरडली. "आता तर वासही नाही!"

मी कलश छातीशी घेतला.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "डिझेलचा वास मला आवडायचा हो. मला भीती समुद्राची वाटते."