जिन्यातला गोंगाट

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी पाच वाजता करंजाड्यातील सोसायटीच्या सभागृहात त्रेचाळीस रहिवासी जमले होते. प्रेमसंबंधांतील हिंसा कशी ओळखावी आणि कशी रोखावी, हे सांगायला संजना नावाची कार्यकर्ती आली होती. तिने सेक्रेटरी गुरुदत्तरावांना विचारले, "सर, अशा तक्रारी तुमच्याकडे किती आल्या?"

गुरुदत्तराव निवृत्त अभियंते. तक्रारवहीत एकही रकाना त्यांनी कधी रिकामा सोडला नव्हता. "शून्य," ते अभिमानाने म्हणाले. संजनाने फळ्यावर शून्य लिहिले.

तिसऱ्या रांगेतून रुचिरा उठली. "काका, जूनमध्ये मी आले होते ना तुमच्याकडे? अपूर्वशी संबंध तोडले म्हणून त्याने जिन्यात माझा हात पिरगळला, तेव्हा. काय लिहिलंत हो?"

"अगं, तुझं नाव खराब होऊ नये म्हणून..."

"वाचा ना, काका."

त्यांनी वही उघडली. स्वतःचेच सुबक अक्षर त्यांना वाचवेना, तरी त्यांनी वाचले. "जिन्यात गोंगाट. दोन्ही पक्षांस समज दिली. प्रकरण निकाली."

'दोन्ही पक्षांस' हे शब्द गुरुदत्तरावांनी मनाशी पुन्हा वाचले. खाली मान घालूनच ते फळ्यापाशी गेले, शून्य पुसून त्यांनी एक लिहिला आणि म्हणाले, "आणखी कुणाची नोंद मी अशीच केली असेल, तर सांगा."

मागच्या रांगेतून एक हात हळूच वर झाला.

साडेसहाला सभा संपली. फळ्यावर आकडा होता चार.