आईच्या खोलीला कात्री नाही

बंगल्याचं बजेट हाताबाहेर गेलं, म्हणून मालक आणि मी नकाशा पसरून काटछाट करायला बसलो. त्याने पोहण्याचा तलाव रद्द केला, होम थिएटर रद्द केलं, बायकोच्या इटालियन मार्बलवर फुली मारली, तशी ती तोंड फुगवून उठूनच गेली. आईच्या खोलीला मात्र त्याने कात्री लावू दिली नाही. खोलीतच बाथरूम, आवाज बाहेर न जाणाऱ्या जाड भिंती, खिडकीला न फुटणारी काच.

"अरे, जागा माझ्या नावावर आहे म्हणून एवढं करायलाच हवं का? मला एक कोपरा पुरे," म्हणत आई डोळे पुसत चहा टाकायला गेली. आमच्या चिरंजीवांना हे ऐकवायलाच हवं, असं माझ्या मनात आलं.

नकाशा गुंडाळता गुंडाळता मी विचारलं, "सगळ्या खोल्यांच्या दारांना आतून कडी धरलीय. आईंच्याही ना?"



स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून तो हळूच म्हणाला, "तिच्या दाराला आतून नको, बाहेरून लावा."