बत्तीसची कंबर

शिंप्यानं बायकोच्या निळ्या रेशमी ड्रेसची काखेखालची शिवण उसवली आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. सैल करायला आत कापडच उरलं नव्हतं.

शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. लग्नाच्या वर्षी हा ड्रेस शिवताना त्यानं चांगली दोन बोटं माया ठेवली होती. आणि आता बायको फिरायला बाहेर पडली की दुकानाचं दार लोटून घेऊन, आज थोडी, उद्या थोडी करत हा पठ्ठ्या ती सगळी संपवून बसला होता.

करणार काय बिचारा! मेव्हणी मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आली आणि चार माणसांत हसत हसत धाकट्या बहिणीला म्हणाली, "तुझ्यासाठी दोन खुर्च्या मांडायला सांगू का गं?" सगळे हसले. बायकोही हसली. सगळे गेल्यावर मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि डोळे पुसून कपाटातून हा ड्रेस काढला. "जाईन तर हा घालून जाईन. नाहीतर जाणारच नाही."

त्या दिवशी घरात उकडलेला कोबी शिरला, तो थेट शिंप्याच्या ताटापर्यंत. "तुम्ही समोर बसून तळलेलं खाल्लंत तर माझा निश्चय टिकेल का?" शिंप्यानं विचार केला, ड्रेस लवकर बसला की कोबी लवकर जाईल. म्हणून त्यानं शिवण जराशी सैल केली. बायकोनं ड्रेस घातला, आरशासमोर गिरकी घेतली आणि म्हणाली, "बघा, गुण येतोय! आता पावही बंद." शिंपी घाबरला. त्यानं शिवण गुपचूप परत आवळली. "अगंबाई, वाढलं की वजन," बायको म्हणाली. "आता बटाटाही बंद." म्हणजे सैल केलं तरी कोबी, आवळलं तरी कोबी! शेवटी तो सैलच करत राहिला. ती हसली की कोबी निदान घशाखाली तरी उतरायचा.

आणि आज, लग्न तोंडावर आलेलं असताना, ड्रेस पुन्हा छातीशी अडला होता. "राहू दे. कळवून टाकू, बरं नाही म्हणून," एवढंच बोलून ती फिरायला गेली होती. तिचं ते तोंड शिंप्याला बघवलं नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून ती आत आली. हातात कागदी पुडी, ओठाच्या कडेला साखर. ड्रेस शिंप्याच्या मांडीवर, उसवलेला.

"हे काय?" दोघांनी एकदमच विचारलं.

"अगं, मी आपलं... बटण बघत होतो."

"काखेत?" ती स्टुलावर टेकली. "अहो, मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. जुना दोरा विटलाय, तुमचा नवा चमकतो. काज, हूक, तुरपाई सगळी मीच करते ना या दुकानात? असा राग आला म्हणता! म्हटलं, माझं वजन उतरणार नाही, अशी खात्रीच आहे यांची. रागारागानं बेकरीत गेले."

"आणि मग?"

"मग रोजच राग यायला लागला."

शिंप्याचा पारा चढला. "म्हणजे तू बाहेर केक खातेस आणि मी घरी कोबी गिळतोय? मग तो कोबी कशाला चालू ठेवलास?"

"तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? मला काय धाड भरलीय? लग्नापासून माझी कंबर बत्तीसची बत्तीस!" येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हे छाती फुगवून सांगत असे. आपली पँट तो आजही बत्तीसच्याच मापानं कापायचा आणि हुकासाठी बायकोकडे द्यायचा.

"पट्टा काढा," ती म्हणाली, "आणि मागे हात लावून बघा."

त्यानं चाचपलं. पट्ट्याखाली, मागच्या शिवणीत, त्याच कापडाची एक तिकोनी पाचर जोडलेली होती. पाचरीला लागून आणखी एक. टाके बारीक, एकसारखे, अगदी तिच्या हातचे.

"प्रत्येक पँटला?"

"प्रत्येक. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. आता मात्र पाचरीला कापड पुरेना, म्हणून म्हटलं, कोबी पुरवावा."

"अगं, मग बोलायचं होतंस की!"

"किती ऐटीत सांगता तुम्ही लोकांना! जिवावर आलं माझ्या."

गळ्यातली टेप काढून शिंप्यानं कितीतरी वर्षांनी स्वतःच्या कमरेला लावली आणि पोट आत ओढून आकड्याकडे बघितलं.

"श्वास सोडा," बायको म्हणाली.

त्यानं सोडला. टेप बोटांतून सुर्रकन सरकत गेली. आकडा बघून आधी तो फिसकन हसला, मग ती. हसता हसता तिनं पुडी उघडली आणि केकचा मोठा वाटा त्याच्या हातावर ठेवला.

"ड्रेसला दोन्ही बाजूंनी जादा कापडाच्या कळ्या लावा, चांगल्या रुंद," ती म्हणाली आणि फोन उचलला. "ताईला सांगते, दोन खुर्च्या मांडच. आम्ही दोघं येतोय, आणि पोटभर जेवणार आहोत."