काना-मात्रेचा पहारा

कंप्युटरमधल्या कर्मचाऱ्यांच्या नोंदीत कुणी काना-मात्रेचा जरी फरक केला, तरी आपला मोबाइल वाजला पाहिजे, असा साहेबांचा हुकूम होता. प्रोग्रामरबाईंनी तशी सोय करून दिली; शिवाय दिवसभराच्या बदलांचा अहवालही मोबाइलवर दिसे. मग काय, कुणी स्वतःचा फोन नंबर दुरुस्त केला, की साहेब डोक्यावर हजर: "मला न विचारता हात कसा लावलात?"

बाई एकदा म्हणाल्या, "साहेब, हे फक्त दुरुस्तीला वाजतं. कुणी जुनी नोंद काढून त्याच कर्मचारी नंबरावर अख्खी नवी ठेवली, तर वाजणार नाही. तेही पकडायला हवं."

"अख्खा माणूस कोण बदलतंय, बाई? उगाच अक्कल पाजळू नका!"

मोरीला बोळा नि दरवाजा मोकळा, असं पुटपुटत बाई जागेवर जाऊन बसल्या.

सोमवारी साहेबांचं कार्ड दारावर चालेना. काचेपलीकडे त्यांच्याच खुर्चीत एक अनोळखी गृहस्थ बसले होते. नंबर तोच, पद तेच, केबिन तीच. मालकांनी माणूस तेवढा नवा ठेवला होता.

"शक्यच नाही! मला कळल्याशिवाय इथे काही बदलत नाही!" साहेब बाहेरून ओरडले आणि पुरावा म्हणून त्यांनी मोबाइल काचेला लावला. आतून बाईंनी वाचलं.



'आज कोणताही बदल नाही.'