एकशे दहाच्या खाली

मंद धुरावर मटण शिजवायचा स्मोकर समरजीतने अमेरिकेतून वडिलांना पाठवला. त्याच्या आतलं तापमान समरजीतला तिथे, आपल्या फोनवर दिसायचं. एरवी महिनोन्‌महिने त्याचा आवाज कानी पडत नसे. पण आकडा एकशे दहाच्या खाली उतरला की तो लगेच फोन करायचा.

दर रविवारी सकाळी माधवगंजातल्या घराच्या गच्चीवर कृष्णराव कोळसे पेटवून मटण चढवत. तासाभराने ते हळूच झाकण उघडत आणि फोन हातात धरून उभे राहत.

"बाबा, नव्वदवर आलंय! कोळसे घाला."

"हवेने गिरलं असेल, बेटा. घालतो. आमची नात सोनिका कशी आहे?"

"मजेत. झाकण उघडू नका हं."

कृष्णरावांना डॉक्टरांनी मटण बंद केलं होतं, उषाताईंना ते चावत नव्हतं. शिजलेलं सगळं शेजारी जायचं. उषाताईंनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. फोन वाजला की त्याही गुडघे धरत जिना चढून यायच्या आणि नवऱ्याच्या कानाला कान लावायच्या.

परवाच्या रविवारी झाकण तीनदा उघडलं. तिसऱ्या फोनवर समरजीत हसला.

"बाबा, बस झाली तुमची धावपळ. एक छोटं मशीन पाठवलंय, उद्या पोचेल. स्मोकरला लावून टाका, तापमान ते स्वतःच सांभाळतं."

 

तो पुढे म्हणाला, "मग मला फोन करायची गरजच पडणार नाही."